नुसती दारू

बाबा गेले आणि त्यांची ठासणीची बंदूक मागे राहिली. पीक राखायला परवाना काढून घेतलेली. नळीतून दारू आणि छर्रे ठासायचे आणि बार उडवायचा. ती माझ्या नावावर व्हावी असा मी हट्टच धरला. भाऊ म्हणाला, "ताई, देऊन टाक, कशाला ब्याद?" मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही.

कर्नाळ्याच्या पायथ्याशी आमचं भातशेत होतं. दाणा भरायला लागला की डोंगरातून रानडुकरं उतरायची. बाबा दर वर्षी एक डुक्कर लोळवायचे, आणि ते डुक्कर दर वर्षी हातभर वाढायचं. आई भाकरी थापता थापता विचारायची, "मग मटण कुठं हाय?"

"जखमी होऊन डोंगरात पळालं," बाबा ठरलेलं उत्तर द्यायचे. आम्हा भावंडांना ते सगळं खरं वाटायचं. काय दिवस होते ते!

पोलीस म्हणाले, नावाचा निर्णय होईपर्यंत बंदूक परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करा. मोबाइलवर शोधलं तर सगळी दुकानं मुंबईची. पनवेलच्या बाजारात विचारत फिरले, तर नवऱ्यावर चिडून आले आहे की काय, अशा नजरेने लोक बघायचे. शेवटी एका फटाकेवाल्याने मागच्या गल्लीतलं बिनपाटीचं दुकान दाखवलं. पोलिसांचं पत्र आणि जुन्या साडीत गुंडाळलेली बंदूक घेऊन मी तिथे गेले.

म्हाताऱ्या दुकानदाराने परवान्यावरचं नाव वाचलं. "तुझा बापूस दर साली माझ्याकडशी दारू न्यायचा."

माझं डोकंच फिरलं. "बाबांनी जन्मात दारूला हात लावला नाही!"

तो खोकला येईपर्यंत हसला. "अगं बाय, बंदुकीची! पण नुसती दारू. छर्रे घे म्हटलं तर बोलायचा, बार वाजला का पळतात, मारायचं कशाला?"

मग त्याने विचारलं, "शेत हाय का अजून?"

"विकलं. तिथे गोदाम झालंय."

"मग पीकच नाय, तर पिकाचा परवाना तुला कसा मिळंल? अर्ज कर, पण आशा ठेवू नको."

बंदूक मांडीवर घेऊन मी थोडा वेळ बसले. त्याच्या हातात देताना रडू आवरलं नाही. त्याने पावती दिली आणि पाणी विचारलं.

घरी आई वाटच बघत होती. "काय बोलला दुकानदार?"

"म्हणाला, बाबांचा नेम पक्का होता."

"नेम कसला? छर्रे होते कुठं? डुकरिणीमागं पिलं असायची. त्यांचं मन धजायचं नाय."

"तुला माहीत होतं? मग दर वर्षी मटण कुठंय म्हणून का विचारायचीस?"

आईने पावतीची घडी घालून देव्हाऱ्यात ठेवली. "मी इचारलं नसतं, तर त्यांनी गोष्ट पुरी कशी केली असती?"