दादाच्या बाजूने

लिफ्ट दुरुस्त करणारा एक मेकॅनिक होता. वय बावन्न, मिशा भरघोस. कंपनीने त्याला सुरक्षेच्या प्रशिक्षणाला पाठवलं आणि हा चुकीच्या मजल्यावर उतरला. तिथल्या खोलीत गोष्टी आणि सिनेमे उलगडून पाहायचा वर्ग चालू होता. हजेरीचा कागद समोर आला तेव्हा एकच रकाना रिकामा होता, ‘निवृत्त नर्स’. याने मुकाट्याने सही ठोकली. उठून जाणं बरं दिसेना.

शिकवणाऱ्या बाईंचा कागदावर फार विश्वास. त्यांनी कागद पाहिला, मिशा पाहिल्या आणि म्हणाल्या, “या सिस्टर, बसा.” गोष्टींची गोडी लागली म्हणून तो दर शनिवारी जात राहिला, सिस्टर म्हणूनच. सिनेमात कुणी बाळंत झालं की सगळा वर्ग त्याच्याकडे वळून बघे. तो गंभीरपणे मान डोलावी.

पाचव्या शनिवारच्या सिनेमात स्टेशनमास्तर गाडी वेळेवर सोडतो आणि बिचारा नायक फलाटावरच राहतो. वर्ग स्टेशनमास्तरवर तुटून पडला. मेकॅनिक उभा राहिला. “त्याचं कामच ते. पोराने लवकर निघायचं ना घरातून!”

“सिस्टर,” बाई म्हणाल्या, “तुम्ही नेहमी तुमच्यासारख्याच माणसाची बाजू घेता. पुढच्या वेळी, ज्याचा राग येतो त्याच्या बाजूने एक प्रसंग सांगा. सिनेमातला नको, घरातला.”

राग यायला थोरला भाऊ होताच. एकाच इमारतीत हा दुसऱ्या मजल्यावर, दादा चौथ्या, आणि अकरा वर्षं अबोला. मेकॅनिकच्या मुलीच्या लग्नात दादा हॉलच्या लिफ्टमध्ये पाऊण तास अडकला होता. नव्या कोटाच्या बाह्या सरसावून मेकॅनिकने त्याला बाहेर काढलं. दादाने आभार मानणं दूरच, तो न जेवता तडक घरी गेला. “उपकाराची जाण नाही,” हे वाक्य मेकॅनिकच्या बायकोने अकरा वर्षं ऐकलं.

आता दादाच्या बाजूने सांगायचं तर अनुभव हवा. रविवारी सकाळी तो इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरला, चौथ्या मजल्याच्या जरा खाली ती थांबवली, दिवा घालवला आणि मांडी घालून बसला. दहा मिनिटांत घाम फुटला. बटण दाबलं, तर लिफ्ट ढिम्म. त्याने घंटा वाजवली.

“कोण अडकलंय?” वरून दादाचा आवाज.

“मी.”

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“तुझ्या माणसांना फोन केलाय. अर्धा तास लागेल म्हणतात.”

“दादा, तोवर एक करू? मला गृहपाठ आहे. लग्नातला तो प्रसंग तुझ्या बाजूने सांगायचाय.”

“या वयात शाळेत जातोस?”

“हो. नर्स म्हणून.”

दादाने यावर थोडा विचार केला असावा. “सांग,” तो म्हणाला.

“तू अडकलास. घाबरलास...”

“चूक. अडकलो नव्हतो. मीच थांबवली होती. पोरगी लांब चालली होती, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. चारचौघांत रडता येईना, म्हणून आत गेलो. रडणं ऐन भरात आलं आणि तू दार उघडलंस! दोनशे माणसं बघताहेत. वर टाळ्या. पहिली टाळी कुणी वाजवली?”

मेकॅनिकला ती टाळी स्वच्छ आठवली. अकरा वर्षं तो स्वतःला सुटका करणारा समजत होता.

“मी,” तो म्हणाला. “चुकलंच रे दादा.”

“रडतोयस का?”

“थोडं.”

“मग त्यांना जरा उशिरा या म्हणून सांगतो,” दादा म्हणाला, आणि खरंच फोन लावला.

शनिवारी त्याने हा प्रसंग वर्गात सांगितला. बाईंनी डोळे पुसले आणि शेरा लिहिला, ‘सिस्टरांची प्रगती समाधानकारक.’

आता मेकॅनिक अडकलेल्या माणसाला आधी विचारतो, “उघडू का?” बहुतेक जण किंचाळतात. गेल्या महिन्यात मात्र एका गृहस्थांनी आतून हळूच सांगितलं, “पाच मिनिटांनी.” हा पायरीवर बसून राहिला.

दादाही वर्गाला येऊ लागलाय. घरी दोघे सिनेमात क्षणभर दिसलेल्या छत्रीवाल्या बाईच्या दुःखावरून तासन्‌तास भांडतात. परवा वहिनी ओरडली, “अहो, दूध उतू गेलं!”

“कुणाच्या बाजूने?” दोघांनी एकदम विचारलं.