रिकाम्या मनगटांचा नेम

कपड्यांचे नियम मीच लिहिले होते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका बिदरहून अफजलपूर तालुक्यातल्या गावांत आरोग्यतपासणी आणि प्रार्थनेसाठी जात, तेव्हा प्रत्येकीच्या हाती तो कागद असे: पांढरी साडी, कोपराखाली येणारी बाही, अंगावर दागिना नको. वीस वर्षांपूर्वी मी बांगड्या उतरवल्या होत्या आणि पुन्हा भरणार नाही असा प्रभूपुढे नेम केला होता. त्या नेमाचा मला अभिमान होता, हे तेव्हा कळत नव्हतं. त्या सकाळी एका तरुण सोबतिणीच्या हिरव्या बांगड्याही मी जीपमध्येच उतरवायला लावल्या. मला करजगीजवळच्या गावात सोडून ती जीपने पुढच्या वस्तीवर गेली.

तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी सातव्या महिन्यातली सून होती. दोन दिवस तिचं डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, असं शेजारणीने सांगितलं. मी निवृत्त नर्स आहे. या लक्षणांचा अर्थ मला माहीत होता. रक्तदाबाचं यंत्र घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले, तर सासूने हात आडवा केला.

"राग धरू नका, अक्का. आज सुनंची वटी भरायची हाय. तुम्ही पांढऱ्यात, हात रिकामा. उद्या या."

माझा नवरा आहे, असं मी सांगितलं.

"मग हात रिकामा कामून?"

माझ्यापाशी उत्तर होतं. ते तिच्या उपयोगाचं नव्हतं.

मी अंगणातल्या लिंबाखाली बसले. उद्यापर्यंत त्या मुलीला झटके येऊ शकत होते. तुझ्यासाठी इतकी साधी राहिले आणि त्या साधेपणानेच दार बंद झालं, असं मी प्रभूला म्हणाले. ती प्रार्थना नव्हती, तक्रार होती.

मी डोळे उघडले तेव्हा डोक्यावर बांगड्यांची टोपली घेतलेली एक कासारीण अंगणात शिरत होती. ती गाणगापूरला निघाली होती, वाटेत बस बिघडली आणि बायकांचे आवाज ऐकून ती आत आली. घरच्या नेहमीच्या कासाराने ऐनवेळी निरोप धाडून नाही म्हटलं होतं, त्यामुळे तिला लगेच ओसरीवर बसवलं. तिने सुनेचा हात हातात घेतला. बांगडी जाईना. मोठ्या मापाची घेतली, तीही जाईना. तेव्हा तिने मनगटावर अंगठा दाबला. अंगठा उचलल्यावरही खळगा तसाच राहिला.

"ही सूज हाय, काकू. कुणाला तरी दाखवा."

सासूने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मनगटांकडे. कासारणीला ते कळलं.

"हिकडं या, अक्का. हात द्या."

मी थांबले. समोर एक जीव धोक्यात असताना मी माझ्या नेमाचा विचार केला, हे खरं आहे. मग हात पुढे केला. हिरव्या बांगड्या सहज चढल्या. त्या भरणाऱ्या हातांत मात्र एकही नव्हती. मी बघतेय हे तिने पाहिलं.

"माझं राहू द्या. टोपली हाय म्हणून मला कोण अडवत न्हाई."

सासू बाजूला झाली. रक्तदाब मी दोनदा मोजला, दोन्ही वेळा फार वाढलेला होता. फोन करून जीप बोलावली. रुग्णालयात जाईपर्यंत सुनेचं डोकं सासूच्या मांडीवर होतं, आणि सुनेने माझी मनगटं घट्ट धरली होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, आज आणलंत ते बरं. तीन आठवड्यांनी मुलगी झाली. दोघी वाचल्या.

कासारणीचं गाव विचारायचं राहिलं. पुढे दोनदा गाणगापूरला जाऊन बांगड्यांच्या दुकानांत चौकशी केली. कुणाला सांगता आलं नाही. बस नेमकी तिथेच का बिघडली, हे मला माहीत नाही. जे घडलं तेवढं लिहिते आहे.

त्या संध्याकाळी जीपमध्ये ठेवलेल्या सोबतिणीच्या बांगड्या मी काढल्या आणि माझ्या हातांनी तिला भरल्या. नियमांच्या कागदावर आता एकच ओळ आहे: ज्या घरी जायचं, तिथल्या बाईला आधी विचारा. प्रभूला मी काय दिलं, ते माझं मनगट सांगत नाही. दार त्याने उघडलं. मी फक्त हात पुढे केला, तोही उशिरा.