चढावरचं बाक

विल्फ बेबने चौतीस वर्षं इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्याच्या खेड्यांत टपाल वाटलं. निवृत्त झाला तरी त्याच्या मनगटावरचं घड्याळ काही निवृत्त झालं नाही. आमच्या सायकल क्लबात दर महिन्याला दोनशे किलोमीटरची फेरी असते, साडेतेरा तासांत पुरी करायची. थंडी असो, पाऊस असो, विल्फने एक महिना चुकवला नव्हता. या डिसेंबरला त्याची सलग वीस वर्षं भरणार होती.

त्याची बायको ग्वेन बहुतेक फेऱ्यांना बरोबर असायची. शेवटच्या बारा किलोमीटरांआधी हॉपटनचा चढ लागतो. माथ्यावर कुणा कर्नल ॲशबीच्या नावाचं जुनं बाक होतं. तिथे बसून दरीकडे बघत चहा प्यावा, एवढीच ग्वेनची हौस. "परतताना बसू," विल्फ म्हणायचा. वाट गोल आहे, परतताना ते बाक लागतच नाही. हे तिलाही ठाऊक होतं.

मार्चमध्ये ग्वेन गेली. पुरून आठवडा झाला नाही तोच विल्फ फेरीला हजर. लोक म्हणाले, दगड आहे नुसता. मीही म्हणालो.

नोव्हेंबरात कुजलेलं बाक काढून आम्ही नवं बसवलं, त्यावर ग्वेनचं नाव कोरलं. विल्फला कळू दिलं नाही. फेरी खरंच पुरी केली याचा पुरावा म्हणून प्रत्येकाजवळ एक कार्ड असतं, वाटेतल्या दुकानांतून त्यावर शिक्के घ्यायचे. जिथे शिक्का मारायला दुकान नसतं, तिथे आम्ही कार्डावर एक प्रश्न छापतो. थांबून पाहिल्याशिवाय उत्तर येऊ नये असा. डिसेंबरच्या फेरीसाठी मी छापला: चढावरच्या बाकावर कोणाचं नाव आहे? म्हटलं, आता तरी म्हातारा उतरेल.

फेरीच्या दिवशी संध्याकाळी सहाला तो शेवटच्या ठिकाणी, गावच्या सभागृहात आला. मिशीत बर्फ. चहापाणी सांभाळणाऱ्या म्युरिएलने त्याच्यापुढे टोस्ट आणि बीन्स ठेवले. मी कार्ड उघडलं. 'कर्नल ॲशबी.'

माझं डोकंच फिरलं. "उतरला नव्हतास ना?"

"कशाला? वीस वर्षं तेच नाव आहे. रस्ता गोठलाय, तिथे काय माझा पुतळा उभारायचा होता?"

"उत्तर चूक आहे."

"अरे क्लाइव्ह, मी टपाल वाटलंय. मला नावं शिकवतोस?"

"जाऊन बघ."

"मार की शिक्का!" म्युरिएल माझ्यावर खेकसली. "कुणाच्या बापाचं काय जातंय?"

शिक्का हातात होता. पण तो मारला असता तर हा पुन्हा तिच्यासमोरून तसाच निघून गेला असता. विल्फने घड्याळ पाहिलं. साडेसातपर्यंत मुदत, जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर. अर्धा टोस्ट तसाच टाकून तो बाहेर पडला.

सव्वासात झाले. साडेसात झाले. निसरड्या उतारावर म्हातारा पडला असेल आणि ते माझ्याच हट्टापायी, या विचाराने मी पुन्हा पुन्हा दारात जाऊन रस्ता बघत होतो. वीस वर्षंही मीच मोडली होती.

सात एक्केचाळीसला दार उघडलं. विल्फचे डोळे सुजले होते. त्याने कर्नलचं नाव खोडलं आणि टपालखात्याच्या त्या सुबक अक्षरात लिहिलं: ग्वेन बेब.

"वेळेत आलो असतो रे," तो म्हणाला. "पण बसलो. थर्मासमध्ये थोडा चहा होता. खाली दरीत गावांचे दिवे दिसतात तिथून. ती सांगायची मला."

मी शिक्का मारला आणि वेळेच्या रकान्यात सात एकोणतीस लिहायला पेन टेकवलं. त्याने माझं मनगट धरलं.

"सात एक्केचाळीस लिही," तो म्हणाला. "वीस वर्षांत तिला दिलेली एवढीच मिनिटं आहेत. ती तरी कापू नकोस."