गोदाकाठी लागलेला ठसका

माझी जीभ जड होऊ लागली तेव्हा लोकांना वाटलं, तोंडात तंबाखू असेल. पुढे हातातून विळा गळून पडायला लागला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून निकामी होतात. औषधाने थोडं लांबवता येतं, बरं होत नाही. तेव्हापासून मी देवाशी एकाच गोष्टीवरून भांडत होतो. का झालं, ते सांग.

घनसावंगीकडे आमची कापूस-मोसंबीची शेती. भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाच्या पुड्यासोबत एक कारण घेऊन यायचा. चुलत्यांच्या मते फवारणी. तोंडाला रुमालही न बांधता मी वर्षानुवर्षं पाठीवर पंप वागवला, हे खरंच. मेहुण्याच्या मते तंबाखू. कुणी तरुणपणी जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात खाल्लेला धूर उकरून काढला, कुणी अतिमेहनत, कुणी बोअरचं पाणी. मी सगळं डॉक्टरांपुढे मांडलं. ते म्हणाले, "यातल्या बऱ्याच गोष्टींवर संशय आहे. पण तुम्हाला नेमकं कशाने झालं, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही." मग त्यांनी हळूच पोटात नळी बसवायचा विषय काढला, कारण माझं गिळणं धोक्याचं होत चाललं होतं. मी नको म्हटलं. गुन्हा कळल्याशिवाय शिक्षा भोगणार नाही, असा माझा खाक्या. बायको मऊ वरणभात कालवून बसायची आणि मी दोन घासांत तोंड फिरवायचो. अंगावरचे कपडे ढगळ झाले होते.

मी कुणाचंच ऐकेना म्हणून तिने मला शहागडला, नदीकाठच्या दत्ताच्या देवळात नेलं. पुजाऱ्यांनी पळीभर तीर्थ दिलं, तिने ते माझ्या ओठांना लावलं, आणि ते सरळ श्वासात गेलं. आपल्याकडे ठसका लागला की जे करतात तेच सगळ्यांनी केलं. बायको टाळूवर थापट्या मारत "वर बघा, वर बघा" म्हणू लागली, कुणी हनुवटी उचलली, कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला. डोळ्यांपुढे अंधार आला. खरं सांगतो, तेव्हा मला का झालं हे विचारायचं नव्हतं. मला फक्त श्वास हवा होता.

एवढ्यात दर्शनाच्या रांगेतून एक बाई पुढे आली. "वर न्हाई, खाली. मान खाली करा त्यांची," म्हणत तिने मला पुढे वाकवलं आणि पाठीवर जोरात थापा दिल्या. पाणी बाहेर आलं. माझं कपाळ गुडघ्यांना टेकलं होतं आणि मी श्वास घेत होतो.

ती वाटूरकडची होती. "आमच्या मालकाला बी हेच व्हतं," ती माझ्या बायकोला म्हणाली. "पातळ पाणी बिलकुल देऊ नका. घट्टसर द्या, अन् हनुवटी छातीला लावून गिळू द्या." मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, बायकोने माझे बोबडे शब्द तिला उलगडून सांगितले. ते फवारणी करायचे का?

"न्हाई दादा. शाळेत मास्तर व्हते. तंबाखू न्हाई, सुपारी न्हाई. मी बी लई शोधलं, कशानं झालं, कुणाचं चुकलं. काईच सापडलं न्हाई. शोधण्यातच दिवस गेले, अन् डॉक्टरनं सांगितलेली नळी बसवायची राह्यली."

तिची बस लागली होती. ती गेली, आणि नाव विचारायचं राहूनच गेलं.

तिला कुणी पाठवलं यावर मी वाद घालणार नाही. मी हात जोडले आणि त्याच आठवड्यात नळी बसवून घेतली. आजार थांबलेला नाही, पायही गेले, आणि पुढे काय आहे ते मला ठाऊक आहे. भीती वाटते. हे सगळं एका अंगठ्याने फोनवर लिहितो आहे. धाकटा भाऊ आता मास्क आणि हातमोजे घालून फवारतो. तेवढं मी लिहून लिहून, डोकं खाऊन त्याच्याकडून करून घेतलं. माझ्या आजाराचं कारण ते असो वा नसो, विष ते विषच.

बायको नळीतून माझं जेवण सोडते आणि मग शेजारीच ताट घेऊन बसते. परवा सासूबाई येऊन गेल्या. त्यांच्या बोलण्यातून कळलं की मी तोंड फिरवायचो त्या सगळ्या दिवसांत तीही उपाशीच झोपायची. मला पत्ता नव्हता. मी कारण शोधत होतो. आता दत्तमहाराजांपुढे मान लवते तेव्हा एवढंच म्हणतो, का झालं ते तुझ्यापाशीच राहू दे. मी गेल्यावर हिला जेवायला बसव.