फिरवायचा नाही!

ऑपरेशननंतर टेलर आक्काचा उजवा हात कपाळाच्या वर जाईना. सुई ओवणं जमे, पण शिडाच्या होडीत उभं राहून दोर ओढणं संपलं. होडीही तिशी ओलांडलेली. धाकटा भाऊ, रिटायर झालेला मास्तर, म्हणाला, "विकून टाक. आता काय आरमार उभं करायचंय?"

"बसते तिथेच विंच बसवीन. हँडल फिरवलं की दोर येतो. डावा हात धडधाकट आहे माझा!"

"जुन्या डेकला भोकं पाडशील अन् चाळण करून ठेवशील."

"एक थेंब गळला तरी विकते. झालं समाधान?"

बोलून बसली खरी. ड्रिल घातलं, तर भुशाऐवजी काळा चिखल आला. वरखाली फायबर, मधलं लाकूड कुजलेलं! आक्काने वाकड्या तारेने सगळी घाण कानातल्या मळासारखी कोरून काढली, आठवडाभर सुकवलं, पोकळीत रेझिन भरलं आणि ते दगड झाल्यावर त्यातून नवी चार भोकं पाडली. फटी बुजवणारं सीलंट लावून विंच ठेवली, वरून चार बोल्ट घातले, खालून नट नुसते बोटांनी आवळले. सीलंटचं रबर झालं की उद्या पक्के.

दुसऱ्या दिवशी ती पाना घेऊन डेकखालच्या केबिनमध्ये उताणी, मास्तर वर स्क्रूड्रायव्हर घेऊन.

"बोल्ट नुसता धरायचा. फिरवायचा नाही!"

"कळलं गं! मी काय पहिलीत आहे?"

तीन नट बसले. चौथ्याला वरून कर्रर्र आवाज आला.

"मास्तर! काय केलंस?"

"काही नाही. जरा सैल वाटला. अर्धाच फेरा."

"अर्धाच! बोल्टाला धरलेलं रबर फाटलं ना. तिथूनच पाणी उतरणार."

"कुणाला दिसतंय? खालून आवळ जोरात."

"उसवलेल्या शिवणीवर इस्त्री फिरवून भागत नाही. काढ सगळे."

"चारही?"

"मग विंच काय एका कोपऱ्यातून उचलणार आहेस?"

पुन्हा खरवडणं, पुसणं, सीलंट, एक दिवस थांबणं. या खेपेला मास्तर स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांनी धरून शाळेच्या फोटोला बसल्यासारखा बसला. श्वाससुद्धा विचारून घेत होता.

मग तो खाली गेला, नटांखाली कोरा कागद धरून. आक्काने वरून डाव्या हाताने बादल्या ओतल्या. वीस.

"पडला का रे?"

"थांब."

"अरे, बोल की!"

"कोरा आहे. नापास करायला काही सापडत नाही."

आक्का विंचेजवळ बसली. हँडल लावलं, डाव्या हाताने फिरवलं. दोर ताठ झाला आणि शीड डोलकाठीवर सरकू लागलं.

"वर ये, मास्तर," ती ओरडली. "आणि येताना कशालाही हात लावू नकोस!"