गोठ्यातलं प्रस्थान

हसणार नसाल तरच सांगते. तुम्ही हसणारच, ते मला ठाऊक आहे, पण निदान चहा तोंडात असताना हसू नका. परवाच हे ऐकताना वामनरावांच्या सदऱ्यावर डाग पडलाय.

तर झालं काय, आम्ही रत्नागिरीला निघालो होतो. कशाला? समुद्र बघायला! कुणाचं लग्न नाही, कुणाचा नवस नाही, नुसती सुट्टी. आमच्या उस्मानाबादेत हे कुणाच्या पचनी पडेना. "तिकडं कुणी वारलं का?" असं पोस्टमननं विचारलं, बोला आता!

हा सगळा बेत माझा. सोलापूरच्या कॉलेजात बी.ए. करून मी घरी आले होते आणि घरातल्या दोन म्हाताऱ्यांना सुधारायचं मी मनावर घेतलं होतं. एक माझे आबा, कचेरीत कारकून. दुसरी आत्या, आबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून घरात तिचाच हुकूम. आत्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. "तुळजापूरच्या कल्लोळ तीर्थापेक्षा मोठा असतो का गं?" असं तिनं एकदा मला हळूच विचारलं, आणि त्याच दिवशी मी ठरवलं, हिला नेऊन दाखवायचाच.

पण माझी एक अट होती. "मुहूर्त, पंचांग, दिशाशूल यातलं अवाक्षर काढाल, तर मी येणार नाही. मग बसा सोलापूरच्या स्टेशनावर एकमेकांकडं बघत!"

दोघं गप्प बसली. मी जिंकले असं मला वाटलं. कुणी वाद न घालता गप्प बसलं, की सावध व्हावं, एवढी अक्कल बी.ए.ला शिकवत नाहीत.

शुक्रवारी सकाळी निघायचं होतं. गुरुवारी मी पदर खोचून घराच्या बंदोबस्ताला लागले. रांजण उपसून पालथे घातले, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले, गाद्या गुंडाळल्या, तुळशीवर गळकं मडकं टांगलं, मागच्या दाराचा अडसर ठोकून घट्ट केला. गाय तेवढी राहिली होती. तिचं चारापाणी शेजारच्या चंद्राकाकू बघणार होत्या आणि घराची किल्लीही त्यांच्याकडंच राहणार होती.

ट्रंक भरायला बसले, तर आबांचं चांगलं धोतर नाही! आत्याचं इरकली लुगडंही नाही!

"आत्या, लुगडं कुठाय?"

"असंल की कुठंतरी," आत्या म्हणाली आणि लगबगीनं स्वयंपाकघरात गेली. आबांना विचारलं, तर त्यांना एकदम खोकला आला.

विसरभोळी माणसं! मी स्वतःच शोधायला लागले. शोधत शोधत परसात आले, आणि भिंतीवरून सहज पलीकडं पाहिलं, तर चंद्राकाकू आपल्या ओसरीच्या कोनाड्यात एक गाठोडं सारून ठेवत होत्या. गाठोड्यातून काय डोकावत होतं? आमच्या इरकलीचा काठ!

माझं डोकं असं सणकलं म्हणता! आम्ही अजून घर सोडलेलं नाही, आणि हिनं आत्ताच सुरुवात केली? हिच्याच हातात आम्ही किल्ली देणार?

तेवढ्यात काकूंनी मला बघितलं आणि गोड हसल्या. "काय कुमूताई, झाली का तयारी? घराची काळजी करू नगा. तुमचं समदं आमच्याकडं लई जपून ऱ्हाईल बगा!"

"दिसतंय ते," मी म्हटलं.

"व्हय, आन् आत्याबाईंस्नी सांगा, म्या कुनाला बी हात लावू देणार न्हाय."

बघा, केवढा निर्लज्जपणा! आबांना सांगावं, तर ते म्हणणार, नाहक शेजाऱ्याशी वैर कशाला. आत्याला सांगावं, तर ती रडणार. मी ठरवलं, चोरावर मोर व्हायचं.

काकू घागर घेऊन आडावर गेल्या, तशी मी त्यांच्या ओसरीत शिरले. काळीज असं धडधडत होतं की बहुतेक आडापर्यंत ऐकू गेलं असावं. गाठोडं उचललं आणि वळले, तोच फाटकाची कडी वाजली. आता पळणार कुठं? दिलं गाठोडं भिंतीवरून भिरकावून आमच्या गोठ्यात! आणि काकूंना म्हटलं, "विरजण मागायला आले होते."

"उद्या गावाला चाललाय, आन् विरजण कशाला वो?"

"चाखायला," मी म्हटलं. याहून शहाणं उत्तर तुम्हाला सुचलं असतं का?

गाठोडं सकाळी हळूच ट्रंकेत टाकू म्हणून गोठ्यातच राहू दिलं. आणि मनात केवढी खूश झाले मी! घर राखलं, चोर पकडला, आणि म्हाताऱ्यांना पत्तासुद्धा नाही!

शुक्रवार उजाडला. दारात टांगा उभा राहिला, ट्रंका चढल्या. आत्या म्हणाली, "मी जरा चंद्राकडं जाऊन येते." मी गोठ्याकडं वळणार, एवढ्यात पलीकडून किंकाळी आली.

"आवं आत्याबाई, हितंच ठिवलं व्हतं हो! माज्या हातानं ठिवलं व्हतं!"

धावत गेले, तर काकू जमिनीवर बसून कपाळ बडवत होत्या. आत्या खांबाला धरून उभी. गल्ली गोळा झालेली.

"आबा, काय झालं?"

आबांनी मला बाजूला घेतलं आणि मान खाली घालून म्हणाले, "तुझ्या भीतीनं सांगितलं नव्हतं. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल असतं, तिकडं निघणं अशुभ. म्हणून काल गुरुवारीच चंद्राबाईकडं प्रस्थान ठेवलं होतं. धोतर, लुगडं, सुपारी, हळकुंड. म्हणजे आपण कालच निघालो, असं होतं."

माझ्या पायाखालची जमीन कुठं गेली ते मला अजून सापडलेलं नाही.

"आता आमच्या घरातून परस्तान गेलं! जलमभर तोंड कुटं दाखवू म्या?" काकूंचा आकांत चाललेला. कुणी म्हणालं पोलिसांत जा, कुणी म्हणालं देवीला कौल लावा.

आत्या टांगेवाल्याला शांतपणे म्हणाली, "ट्रंका उतरव बाबा. प्रस्थानच राहिलं नाही, तर जायचं कसं? माझ्या नशिबी नाही तो समुद्र."

ते ऐकलं मात्र, आणि माझ्याच्यानं राहवेना. "मी नेलं!" मी ओरडले. "चंद्राकाकू, मला वाटलं तुम्ही चोरलंत!"

काकूंनी पदरानं डोळे पुसले. "म्हंजी त्ये विरजण..."

"तेच विरजण."

आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं भवाने, एकदा बाहेर पडलेलं प्रस्थान माघारी घरात आणलंस? आता तर मुळीच जाता येत नाही!"

टांगेवाला खाली उतरला. एस.टी.ची वेळ होत आलेली. आणि मग, मंडळी, माझ्या तोंडून जे निघालं, ते कुणाच्या संस्कारातून आलं ते मला माहीत नाही. मी कमरेवर हात ठेवून गरजले, "घरात कुठं आणलं? उंबरा ओलांडलाच नाही! भिंतीवरून गोठ्यात टाकलंय, आणि गोठा घरात धरत नाहीत!"

आत्यानं डोळे बारीक केले. "नाही धरत?"

"मुळीच नाही! सुतक पडलं, तर गोठ्यात पाळतो का आपण? गायीचं घर ते. म्हणजे प्रस्थान एका शेजारणीकडून दुसऱ्या शेजारणीकडं गेलं, एवढंच!"

गल्लीतली दोन-चार डोकी हलली. कुणीतरी म्हणालं, "मुद्दा बरूबर हाय."

धावत गोठ्यात गेलो. गाय आबांचं धोतर मन लावून चघळत होती. एक सोगा संपला होता.

"उष्टं झालं की गं!" आत्या म्हणाली.

"गायीचं उष्टं!" मी म्हटलं. "याहून पवित्र काय पाहिजे?"

आत्यानं गायीला हात जोडले, गाठोडं उचललं आणि टांग्यात जाऊन बसली! मी चंद्राकाकूंचे पाय धरले आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

समुद्र पाहिला आम्ही. आत्या गुडघाभर पाण्यात उभी राहून पोरीसारखी किंचाळत होती, आणि आबा अर्ध्या धोतराला वरून पंचा गुंडाळून वाळूत बसले होते.

पण इकडं गल्लीनं काय केलं असेल? "आत्याबाईंची भाची कालिजात शास्तर शिकून आलीय," असं गावभर झालं. आता कुणालाही परगावी जायचं असलं की आमच्या दारात. परवा पलीकडच्या आळीतल्या एक बाई आल्या. "ताई, शनिवारी पूर्वेला जायचंय, कसं करावं?" या खुळचट समजुतींवर कडक भाषण द्यायचं म्हणून मी ताठ उभी राहिले, छाती भरून श्वास घेतला, आणि म्हणाले,

"शुक्रवारी ठेवा. पण धोतर ठेवू नका, गाई खातात."