ट्रंकेत न गेलेली शाल

"त्या डोंगरावर आता कुत्रंबी न्हाई."

दादा ओट्यावर बसून शेजारच्या नानांना सांगत होता. मी आणि थांगी आत चुलीपाशी पावट्याच्या शेंगा सोलत होतो. थांगीला तेव्हा मराठी कळत नव्हतं, पण आवाजातलं काहीतरी कळलं असावं. तिचे हात थांबले. तुझा भाऊ काय म्हणाला, तिनं इंग्रजीत विचारलं.

तिकडे फार थंडी आहे म्हणतोय, मी म्हणाले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, आबांना नाही, दादाला तर नाहीच. फक्त एका माणसाला सांगितलं, तेही वेळ निघून गेल्यावर. ते शेवटी येईल. त्याआधी मी जरा आडवळणानं जाणार आहे, कारण सरळ सांगायला अजून जमत नाही. तुम्हाला वाटेल, थंडीचं एक खोटं, त्यात एवढं काय? तेवढ्यावरच थांबले असते तर!

आमचं गाव साताऱ्याजवळ. घरटी एक माणूस पलटणीत. पोस्टमन सायकलवरून आला की बायका आधी त्याच्या तोंडाकडे बघत आणि मग हातातल्या कागदाकडे. तार असली तर तोंडावरूनच कळायचं. माझे वडील, आबा, सुभेदार होऊन घरी बसलेले, दादा पलटणीत नाईक. मी धाकटी. आबांच्या एका साहेबांच्या ओळखीनं मला पाचगणीच्या शाळेत घातलं, दादाला नाही घातलं. इंग्रजी बोलायला शिकले आणि गावात बोलायचं विसरले. मिरजेच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं शिकायला गेले, तिथं बरोबरच्या मुली मला मड्डम म्हणायच्या. मी गप्प बसायची. गप्प बसणं मला लहानपणापासून जमतं. लोक त्याला चांगलं वळण म्हणतात.

थांगी तिथंच नर्सिंग शिकत होती. मिझो डोंगरातली, तिकडच्या चर्चनं शिकायला पाठवलेली. जेवणघरात इंग्रजी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून एका बाकावर आलो. हळूहळू तिनं गावाचं सांगितलं. अंधार पडला की रानातले बंडखोर येत आणि तांदूळ मागत. त्यांत तिच्या शाळेतलीच मुलं असत. नाही म्हणायची सोय नव्हती. उजाडलं की फौज येई—तांदूळ कुणी दिला? तिच्या वडिलांना ओझी वाहायला नेलं, ते परत आले नाहीत. कुणी नेलं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आई एकटी उरली होती. तिला शिलाँगच्या मावशीकडे पोचवायचं, एवढंच थांगीच्या मनात होतं. पण फौजेच्या पासाशिवाय कुणाला हलता येत नव्हतं आणि तिकडून खबर येणंच बंद झालं होतं. बाहेरचं कुणीतरी मदतीला येईल, असं ती म्हणायची. बाहेरचं म्हणजे कोण? ते तिलाही माहीत नसावं.

तुझा भाऊ काय करतो, असं तिनं एकदा विचारलं होतं. सरकारी नोकरी, मी म्हणाले. मग एक दिवस माझ्या पुस्तकातून दादाचा वर्दीतला फोटो खाली पडला. तिच्याच डोंगरातून आलेला, मागे बांबूचं बन. तिनं तो उचलला, बराच वेळ पाहिला, परत दिला. मला वाटलं, संपलं आता. ती एवढंच म्हणाली—मला त्याच्याकडे ने.

सत्तर सालच्या संक्रांतीला तिला घेऊन घरी गेले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "ही गं कुठली, नेपाळची?" आईनं हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "खा गं बाय, हाडं दिसत्यात नुसती." दादाशी मात्र थांगीला बोलता येईना. त्याच्या बुटांचा आवाज आला की ती बसल्या जागेवरून उठून उभी राहायची. दादानं ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो घरात आणि अंगणात अनवाणी फिरायला लागला. कुणाला काही बोलला नाही.

दोघं बोलत ते माझ्यातून. "तिचं गाव कंचं, इच्यार," दादा म्हणाला. तिनं नाव सांगितलं. दादा म्हणाला, "ती समदी माणसं फौजेनं खाली आणल्यात. रस्त्याला. आमच्या चौकीच्या खालतीच हायेत, कुंपणात." या वेळी मी सगळं नीट सांगितलं. वरचं गाव आता नाही, हेही. थांगीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची नखं उमटली. दुःखानं नव्हे. आई कुठं असेल ते तिला पहिल्यांदाच कळलं होतं. तिला तिथून शिलाँगला काढता येईल का, असं तिनं माझ्यातून विचारलं, तेव्हा दादा म्हणाला, "बगतो, सायबास्नी इच्यारतो."

आता ट्रंकेचं सांगायला हवं. आमच्याकडे जवानाची सुट्टी संपत आली की ओट्यावर आयाबाया जमतात. त्याच पलटणीत ज्यांची माणसं आहेत त्या सगळ्या. कुणाची शेंगदाण्याची चटणी, कुणाचं लिंबाचं लोणचं, कुणी नव्या नवरीनं विणलेला, एक बाही आखूड झालेला स्वेटर. न्यायला कुणी नाही म्हणत नाही. तशी रीतच नाही. दादा म्हणायचा, "ट्रंक माजी, पर तिच्यात माजं एक बनियन तेवढं." आई प्रत्येक जिन्नस जुन्या धोतराच्या कापडात शिवायची आणि वर जांभळ्या पेन्सिलीनं नाव लिहायचं काम माझं.

थांगी कोपऱ्यात बसून हे पाहत होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. आयांनी दिलेलं एक माणूस घेऊन जातो आणि ते मुलांना पोचतं. मग मुलीचं आईला का नाही पोचणार?

तिनं अंगावरची शाल काढली. हातमागाची, काळी, तांबड्या पट्ट्यांची—तिच्या आईनं विणलेली. एका पट्ट्यात मध्येच तांबडं सूत संपलं होतं आणि तिथं बोटभर काळंच राहिलं होतं. ती जागा तिनं मला दाखवली. म्हणाली, आई ही खूण ओळखेल. शाल पाहिली तरच ती तुझ्या भावाबरोबर येईल, एरवी वर्दीतल्या माणसाबरोबर ती पाऊल टाकणार नाही.

हे तिनं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं होतं. मला ते स्वच्छ समजलं होतं. समजण्यात माझी काही चूक झाली, असं मला म्हणता येणार नाही.

शाल कापडात शिवली. वर तिच्या आईचं नावही मीच लिहिलं. इतपत सगळं ठीक होतं. मग बोचकं घेऊन मधल्या खोलीत आले. तिथं आबा दाढी करत बसले होते. आरशातूनच म्हणाले, "पोरगी गुणाची हाय. पर तिचं काय बी दादाच्या गळ्यात घालू नगंस. तिकडं ट्रंका उघडून बघत्यात." त्यांना शालीचं काही माहीत नव्हतं. ते आपलं सहज बोलले आणि पुन्हा गालाला साबण लावू लागले.

तेवढ्यात वहिनी दारात आली, कमरेवर हात ठेवून, जपून पावलं टाकत. तिला दिवस गेलेले. आणि मला सगळं दिसायला लागलं—उघडलेली ट्रंक, वर ते बोचकं, कुणीतरी साहेब विचारतोय, कुंपणातल्या बाईचं नाव तुझ्याकडे कसं? दादाला घेऊन जातात. पोस्टमन फाटकाशी सायकल लावतो.

दादा तेव्हा परड्यात म्हैस धूत होता. त्याला विचारता आलं असतं. नेशील का, धोका आहे का—एवढंच. का नाही विचारलं? पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते की त्याच्या काळजीनं. खरं असं, की तो हो म्हणाला असता. आणि मग त्याची पुढची सुट्टी येईपर्यंत रोज घाबरायचं मला नको होतं.

बोचकं पांघरुणांच्या लाकडी पेटीत, गोधड्यांच्या तळाशी घातलं. थांगीनं डोळ्यांनीच विचारलं. ठेवली, अशी मी मान डोलावली. तोंडानं खोटं बोलायचंही धाडस नव्हतं माझ्यात.

मिरजेला परतल्यावर थांगी बदलली. जेवायला लागली, हसायला लागली. वॉर्डातल्या बायकांत राहून मराठी शिकली, तीही आमच्याच बाजूची. "मावशी, कुटं दुकतंय, नीट सांगा की," असं म्हणाली की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. अधूनमधून मला म्हणायची, "आता पोचली असंल." मी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घालायची आणि डोळा वर करायची नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. तेच सांगणं सर्वांत अवघड आहे. उन्हाळ्यात आमच्याच आळीतला एक जवान सुट्टी संपवून त्याच पलटणीत परत निघाला. मी घरी होते. त्याच्याही ओट्यावर बोचकी जमली. मी पेटी उघडली, गोधड्यांखाली हात घातला, कापडाला हात लागला. आणि पेटी बंद केली. आता कसली भीती होती? आता दादाची नव्हती. शाल उशिरा पोचली तर कधीतरी थांगीला कळेल, की ती पहिल्यांदा गेलीच नव्हती. एवढीच. माझं नाव तिच्या तोंडी खराब होऊ नये म्हणून मी पेटी बंद केली.

पुढच्या हिवाळ्यात दादा आला. वहिनीच्या मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाला, "तुज्या मैत्रिणीनं काय दिलं न्हवतं व्हय गं? मी गाडी सुटंस्तवर वाट बघितली. म्हनलं, आईला कायतरी दील."

"नाही," मी म्हणाले.

त्यानं मग सांगितलं, तसंच लिहिते.

"तांदळाला रांग लागायची तितं. येक म्हातारी दिसंल त्या जवानाला येकच शब्द म्हनायची—मिरज. आमाला आदी वाटायचं, आमच्याच कुणाकडनं शिकली आसंल. पर हितनं परत गेलो तवा माज्या ध्यानात आलं. तिला म्हनलं, मिरज, व्हय, थांगी, तुजी लेक, मी वळकतो. सायबास्नी इच्यारून ठिवलं हुतं. दवाखान्याच्या गाडीतनं खाली, शिलाँगच्या वाटंला, सोडतो म्हनले हुते. पर ती मागं मागं सरली. तिचा नवरा बी आसाच कुनीतरी बोलावून न्हेलेला. रोज गेलो तरी तेच. वर्दीवर इस्वास कोन ठिवील? हातात येकांदी खूण आसती माज्या, तर..."

पोर रडायला लागली, म्हणून तो थांबला. मग पोरीला थोपटत म्हणाला, "पावसाळ्यात ताप आला कुंपणात, म्हातारी त्यात गेली. मला काय करता आलं न्हाई."

मी रिकामा तांब्या घेऊन आत गेले. आईनं विचारलं, काय झालं गं? काही नाही, मी म्हणाले. पेटी तिथंच होती.

थांगीला चर्चच्या माणसांकडून कळलं. माझ्यासमोर ती रडली नाही. ड्यूटी चुकवली नाही. परीक्षा झाली आणि घरी जायचं ठरवलं—तिकडे तापाची माणसं पुष्कळ आहेत, म्हणाली.

मिरज स्टेशनवर तिला पोचवायला मी गेले. खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत ते बोचकं, न उसवलेलं, जांभळ्या नावासकट. काय ठरवून ते घेतलं होतं, मला सांगता येणार नाही. कदाचित डब्यात गुपचूप सरकवून पळ काढायचा विचार असेल. तो मला शोभला असता.

ती खिडकीत बसली. बोलली ती मराठीतच. "आमच्याकडं मयताच्या अंगावर घरची शाल घालत्यात. आईच्या अंगावर तिचीच असंल. तेवढं तुज्या दादामुळं झालं. त्याला सांग, मी इसरनार न्हाई."

तिचा चेहरा शांत होता. त्या एका गोष्टीवर ती सगळं तोलून बसली होती, हे दिसत होतं. गप्प राहिले असते तर ती तशीच गेली असती. तिच्या भल्यासाठी गप्प राहावं, असं मला वाटलंही. पण तो आवाज मी ओळखला. तीच जुनी भीती होती, या खेपेला दयेसारखी बोलणारी. गार्डानं शिट्टी दिली. मी खिडकीचा गज धरला.

"थांगी, दादानं काही नेलं नाही. मी त्याला शाल दिलीच नव्हती. ती माझ्या या पिशवीत आहे."